कुंडीची कड घासून देणाऱ्या सर्पमित्र दादांना

दादा,

तुमचं नाव इथे लिहीत नाही, तुम्हाला ते आवडणार नाही. पण फोंड्याच्या बाजूला ज्यांच्या कुळागरात, खुराड्यात नाहीतर विहिरीत कधी साप निघालाय ते वाचता वाचता ओळखतीलच, आणि ओळखू देत, मला हे जाहीरच लिहायचं होतं. त्या दिवशी तुम्ही चहा पिऊन निघालात तेव्हा माझ्या तोंडातून धड थँक्यू पण निघालं नाही. आई तरी देव बरें करूं म्हणाली, मी नुसती गेटापाशी उभी राहिले कारण बोलले असते तर रडूच आलं असतं.

काजूने खाल्लं दादा. पहिल्यांदा खाल्लं तेव्हा तुम्हाला फोन केलाच होता, पण काल रात्री परत खाल्लं, चिमट्यात उंदीर धरून कुंडीच्या तोंडाशी नेला तर आतून सरळ झडप, आणि उंदराला घेऊन परत आत. आता विश्वास बसलाय म्हणून लिहायला बसले.

बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगते. काजू हा माझ्या धाकट्या भावाचा बॉल पायथन. आपल्याकडे निघतो तो अजगर नव्हे, तो १९७२च्या वन्यजीव कायद्यात पहिल्या अनुसूचीत आहे, तो घरात ठेवणं गुन्हा आहे, कोणी तसला विचारसुद्धा करू नका. काजूची जात पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतली, आणि केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर त्याची रीतसर नोंद केलेली आहे. भाऊ बोटीवर असतो, कॉन्ट्रॅक्टवर गेला की काजू आमच्या हवाली. आधी तो एका साध्या प्लास्टिकच्या बॉक्समध्ये होता, आत बुटाचा खोका कापून ठेवलेला, आणि व्यवस्थित खायचा. जाण्याआधी भावाला दुकानवाल्याने पटवलं की बॉक्समध्ये जनावराची वाढ नीट होत नाही, मोठी काचेची टाकी घ्या. टाकी आली, दुकानाचा माणूस येऊन सगळं सेट करून गेला. चारही बाजूंनी काच, वरती पांढराशुभ्र एलईडी, एक प्लास्टिकचं झाड आणि पाण्याचं भांडं, बस. मी त्याला विचारलं होतं की हा लपणार कुठे? तर म्हणाला मॅडम, लपायला जागा दिलीत की हा दिसायचाच नाही, माणसाळायचा नाही, पैसे काय दगड बघायला घातलेत का. हे वाक्य मी आयुष्यात विसरणार नाही. ज्याला रोज साप विकायचेत त्याला सापाची एवढी साधी गोष्ट माहीत नसावी?

मग काजूने खाणं सोडलं. दुकानात फोन केला तर म्हणे तोंड उघडून कोंबा. एका दवाखान्यात नेलं तर तिथे टेबलावर, पंख्याखाली, चार जणांनी हातात घेऊन फोटो काढले, मग व्हिटॅमिनचं इंजेक्शन देऊया म्हणाले, पण तो राहतो कुठे, कसा राहतो हे एकानेही विचारलं नाही. ओळखीतल्या एकाने सांगितलं रोज अर्धा तास हातात घेऊन बसा म्हणजे सवय होईल. जो येईल तो आधी टाकीत हात घालायचा. आणि काजू प्रत्येक वेळी डोकं आत घेऊन घट्ट गोळा व्हायचा, बॉल पायथन घाबरला की हेच करतो, त्यावरूनच त्याचं नाव पडलंय, आणि लोक म्हणायचे बघा किती शांत आहे.

तुम्ही आलात त्या दिवशी खरं म्हणजे शेजारच्यांच्या खुराड्यातला अजगर न्यायला आला होता. भर पाऊस. आईनेच हाक मारली, बाबा जरा आमचा पण बघून जा. तुम्ही दारातून टाकी बघितली आणि पहिलं काम काय केलंत, तर ट्यूबलाईट बंद केली. मग एलईडी. आणि खाली फरशीवर बसलात. हात लावलाच नाहीत. कितीतरी वेळ नुसते बघत होता, मला वाटलं आता हे पण काहीतरी इंजेक्शनच सांगणार. मग विचारलंत, हे पाण्याचं भांडं रोज कोण उलटं करतं?

मी म्हटलं तोच करतो, रात्री, रोज सकाळी सगळं ओलं असतं, मी पुसून भांडं परत ठेवते. तुम्ही एवढंच म्हणालात, ताई, तो भांड्याखाली शिरायला बघतोय, दुसरं काहीच नाही ना त्याला. आणि मग नाकावरचं ते लालसर खरचटलेलं दाखवलंत, काचेवर घासून घासून झालेलं.

एवढ्या लोकांनी त्याला बघितलं, मापलं, उलटासुलटा केला, पण तो रोज रात्री काय करतो हे तुम्ही विचारलंत.

त्यानंतरचं तर माझ्या डोळ्यांसमोरून जातच नाही. तुम्ही मागच्या पडवीत गेलात आणि आईच्या जुन्या कुंड्यांच्या ढिगातून दोन मातीच्या कुंड्या उचलल्यात, कडेला टवका उडालेल्या. आई म्हणाली अहो त्या फुटक्या आहेत, चांगल्या देते. तुम्ही म्हणालात फुटक्याच पाहिजेत, तो टवका म्हणजे त्याचं दार. मग पागोळीखाली बसून त्या टवक्याची धार पायरीच्या दगडावर घासायला लागलात. इकडून घासलं, तिकडून घासलं, पाण्याने धुतलं, आणि मग मनगटाची आतली बाजू, जिथे कातडी अगदी पातळ असते ना, ती त्या कडेवरून सगळीकडे फिरवलीत. एके ठिकाणी थांबलात, परत घासलंत, परत मनगट फिरवलंत. दोन्ही कुंड्यांना. लहानसा लाल ओरखडा उठलेला तुमच्या हातावर, मी बघितला. जे स्वतःच्या कातडीला लागतंय ते त्याच्या पोटाला लागेल, एवढा सरळ हिशोब. कोणी सांगितलं नव्हतं, कोणी पैसे देणार नव्हतं (दिले ते तुम्ही घेतलेही नाहीत), बाहेर अंधारून आलेलं आणि पिशवीत अजगर घेऊन तुम्हाला वन खात्याच्या ऑफिसला जायचं होतं. तरी घाई नाही.

पाळलेल्या अजगराला लपायला जागा लागते का असं मला आता कोणी विचारलं तर मी तुमचंच सांगते. हा प्राणी मूळचा राहतो कसा, तर उंदरांच्या बिळात आणि वाळवीच्या वारुळात, दिवसभर आत, अंधार पडला की बाहेर. आपल्या गोंयकारांना हे वेगळं सांगायला नको खरं तर, सातेरीच्या देवळात आपण वारुळालाच हात जोडतो आणि त्यात कोण राहतं हे लहान पोराला पण माहीत असतं. तुम्ही तर सांगितलंत की आपले मोठाले अजगर सुद्धा, तिकडे भरतपूरच्या केवलादेवला, थंडीत साळिंदराच्या बिळात जाऊन राहतात. एवढं मोठं धूड, ज्याला कोणाला घाबरायचं कारण नाही असं आपल्याला वाटतं, त्याला पण आडोसा लागतो. मग हे हातभर जनावर उघड्या काचेत, उजेडात, येणाऱ्या जाणाऱ्याच्या नजरेखाली बसून जेवेल कसं? आपल्याला कोणी भिंती नसलेल्या घरात बसवून ताट वाढलं तर घास उतरेल का?

आणि एक नाही, दोन जागा. हे तर मला कोणीच सांगितलं नव्हतं. साप अंगातली ऊब बाहेरून घेतो, कधी गरम बाजूला जातो कधी थंड. आडोसा एकाच बाजूला असला तर त्याला ऊब हवी की लपायचं हे निवडावं लागतं, आणि घाबरलेला साप लपणंच निवडतो, मग खाल्लेलं पचत नाही नाहीतर अंग तापत राहतं. म्हणून एक कुंडी गरम कोपऱ्यात, जिथे ३१-३२ डिग्री असतं, आणि दुसरी लांबच्या टोकाला. मोठी गुहा नको, अंग सगळीकडून टेकलं पाहिजे, वेटोळं घालून बसला की पाठीला माती लागली पाहिजे, तेव्हा त्याला सुरक्षित वाटतं. कुंडी भुशावर नाही ठेवायची, खाली तळाला टेकवून ठेवायची, म्हणजे तो खालून उकरायला लागला तर अंगावर कलंडणार नाही. टेंपरेचर काचेवर नाही, कुंडीच्या आत बघायचं. टाकीच्या तीन बाजूंना बाहेरून काळा कागद. आणि काही दिवस कोणी हात लावायचा नाही, उचलून बघायचं नाही, जिवंत आहे की नाही म्हणून डोकवायचं पण नाही. हे शेवटचं सगळ्यात कठीण होतं.

दुकानवाल्याला मुद्दाम सांगायचंय, दिसायचा नाही म्हणालात ना? आता रोज संध्याकाळी दिवेलागणीला काजू आपणहून तोंड बाहेर काढतो. आधी नुसती हनुवटी कडेवर टेकवून बसतो, बरोबर त्या घासलेल्या जागेवर, जीभ आत बाहेर, मग हळूहळू सगळा बाहेर येतो आणि टाकीभर फिरतो. पूर्वी कधी असा फिरला नाही. माघारी जायला जागा आहे हे माहीत असलं की पुढे यायला भीती वाटत नाही. भांडं एकदाही उलटलेलं नाही. नाक पण भरून आलं, परवा कात टाकली ती एका तुकड्यात, डोळ्यांवरच्या खवल्यांसकट.

आपण गोव्यात माणुसकी माणुसकी खूप बोलतो, पण ती अशी कुठेतरी पायरीवर बसून कुंडी घासत असते, तिचा फोटो कोणी काढत नाही. कदंबचा कंडक्टर म्हातारी चढेपर्यंत बेल मारत नाही, पोस्टमन पावसात पत्र पदराखाली घ्यावं तसं शर्टाखाली घेऊन येतो, अशी माणसं आहेत म्हणून चाललंय सगळं. ज्यांच्याकडे डिग्री होती, ज्यांनी फी घेतली, ज्यांनी टाकीचे हजारो रुपये घेतले, त्यांना पाच मिनिटं खाली बसून बघायला झालं नाही. तुमच्याकडे स्वतःचा वेळ सोडून काही नव्हतं आणि तोच तुम्ही दिलात, तोही एका अशा जनावरासाठी जे ओळख दाखवणार नाही, शेपूट हलवणार नाही. मला राग अजून आहे, खोटं कशाला बोलू. पण तुमची आठवण आली की जरा कमी होतो.

एक विचारायचं राहिलं. या ओल्या हवेत गरम बाजूच्या कुंडीला आतून पांढरी बुरशी धरतेय, मी ती उकळत्या पाण्याने धुऊन चुलीजवळ वाळवली आणि तोपर्यंत तिच्या जागी तिसरी ठेवली, कड तुमच्यासारखीच घासून, मनगट फिरवून. बरोबर केलं ना? फोनवर सांगू नका, येऊन बघा. भावाने बोटीवरून निरोप दिलाय, दादांना घरी जेवायला बोलवल्याशिवाय राहू नको. नागपंचमीला आई हळदीच्या पानातल्या पातोळ्या करणार आहे, तुम्ही आणि वहिनी दोघांनी यायचंच. मध्येच कुठून साप निघाल्याचा फोन आला तर आधी तिकडे जाऊन या, आम्ही जेवायला थांबतो.

तुमची,
काजूच्या घरची ताई