नाव न कळलेल्या तिघांचे आभार

2020 च्या पावसाळ्यात, कोरोनाच्या ऐन धास्तीत, मोहोळजवळच्या आमच्या वस्तीवर वैरण काढताना आण्णांना घोणस चावली. एसटी बंद, रुग्णवाहिका मिळेना. दुधाच्या टेम्पोवाल्या दादांनी कॅन उतरवून आण्णांना आडवं झोपवलं, पाय हलू दिला नाही. मांत्रिकाकडे न्या म्हणणाऱ्यांना त्यांनीच गप्प केलं! नाकाबंदीवरच्या पोलीसताईंनी पास न विचारता बॅरिकेड सरकवलं. सोलापूरला पीपीई किटमधल्या सिस्टरनी काचेच्या नळीत रक्त 20 मिनिटं न हलवता ठेवलं; ते गोठलंच नाही, म्हणजे विष रक्तात भिनलं होतं. लगेच सर्पविषावरचं इंजेक्शन सलाईनमधून सुरू झालं. किडनीच्या काळजीनं त्या रात्रभर लघवी मोजत होत्या. आण्णांची किडनी शाबूत आहे, पायही. दादा, ताई, सिस्टर, तुमचे मनापासून आभार. वस्तीवर जेवायला या.