कोल्ड बेहून परतल्यावर

अँकरेज,
ऑक्टोबर

प्रिय मित्रा,

रानबदक चवीला लागतं तरी कसं, असं तू फोनवर विचारलंस. एका वाक्यात सांगता येईना, म्हणून हे पत्र.

कालच कोल्ड बेहून परतलो. अलास्काचा नैर्ऋत्य टोकाकडचा भाग पॅसिफिक आणि बेरिंग समुद्राच्या मधे निमुळता होत जातो, तिथलं हे इवलंसं गाव. बाहेरून रस्ता नाही. दुसऱ्या महायुद्धातल्या अजस्र धावपट्टीवर विमान उतरतं, तेवढाच आधार. शेजारी इझेम्बेकची खाडी. तिच्यात ईलग्रास नावाचं समुद्री गवत मैलोन्‌मैल पसरलंय. ब्रँट नावाचे छोटे काळे कादंब (बदकांच्याच कुळातले रानपक्षी) शरदात लाखाच्या वर इथे जमतात, गवत चरून चरबी साठवतात आणि वादळी वारा पाठीशी मिळाला की न थांबता थेट मेक्सिको गाठतात. अलीकडे हिवाळे सौम्य झाल्याने हजारो पक्षी जातच नाहीत. याची मला काळजी वाटते.

शिकारीचं गणित भरती-ओहोटीवर. ब्रँट मान पोचेल तेवढंच चरतो, म्हणून ओहोटीला तो आत असतो. भरतीला गवत खोल गेलं की बारीक खडे टिपायला किनाऱ्याकडे येतो. आम्ही तेव्हा वाळूत पालथे. वारा असा की डोळ्यांतून पाणी आणि बोटं बधिर. छर्रे पोलादाचेच. शिशाच्या छर्ऱ्यांना पाणपक्ष्यांच्या शिकारीत 1991 पासून अमेरिकाभर बंदी आहे, कारण खडे समजून ते गिळलेले पक्षी विषबाधेने मरायचे. फार चांगला कायदा!

आता चव. साफ करताना जठराची जाड पिशवी कापली, तर आत हिरव्या गवताचा लगदा आणि वाळू, बाकी काही नाही. तेच मांसात उतरतं. छातीचं मांस गर्द लाल, कारण हे स्नायू हजारो किलोमीटर उडणारे. कातडीसकट बिडाच्या तव्यावर मंद आचेवर ठेवायचं, चरबी सुटू द्यायची, आतून गुलाबी असतानाच उतरवायचं. मीठ पुरे. कोंबडीशी काही नातं नाही. मऊ, किंचित गोडसर, मटणाच्या जवळ जाणारं. जास्त शिजलं की मात्र कलेजीसारखं लागतं.

स्कोटर हे समुद्री बदक याच थंड पाण्यातलं, पण बुडी मारून शिंपले खाणारं. त्याला वशाट वास येतो, आणि तो बराचसा चरबीत असतो. म्हणून कातडी-चरबी सोलून टाकायची आणि मांस रात्रभर मिठाच्या पाण्यात ठेवायचं. मी त्याचा कांदा-खोबऱ्याचं वाटण लावून झणझणीत रस्सा करतो. तेही आवडीने खातो, पण ब्रँटला वाटण लावणं मला पाप वाटतं.

तलवार बदकंही इथे भेटली. तू नांदूर मध्यमेश्वरच्या पक्षी अभयारण्यात दुर्बिणीतून पाहतोस, त्याच जातीची. तिथे बंदुकीला बंदी आहे ते योग्यच. इथे लायसन्स, शिकारीचं सरकारी तिकीट (डक स्टँप) आणि रोजची मर्यादा पाळून मारता येतात. यंदा तुमच्याकडे ती कधी उतरली, पाणी किती आहे, सगळं सविस्तर कळव. आणि पुढच्या सप्टेंबरात रजा काढून ये. तव्यावरचं ब्रँट मी स्वतः करून वाढीन.

काकूंना नमस्कार.

तुझाच,
बाळ्या