भिंतीपलीकडे कोण झोपलंय ते आधी बघा

संपादक महोदय, स.न.वि.वि.

इथे अमेरिकेत आपली काही मराठी मंडळी पण आता चोरांच्या भीतीने घरात पिस्तूल ठेवायला लागलीत, पण भिंतींचा विचार कोणी करत नाही. इथल्या आतल्या भिंती म्हणजे लाकडी पट्ट्यांना दोन्ही बाजूंनी अर्धा इंची जिप्सम बोर्ड ठोकलेला आणि मधे पोकळ, आपल्या नऊ इंची विटांच्या भिंतीसारखं काही नाही, ९ एमएमची गोळी अशा दोन-तीन भिंती सहज पार करते. हॉलो पॉइंट, म्हणजे तोंडाशी पोकळ असलेली आणि लागल्यावर फुलून थांबणारी गोळी, सेफ म्हणतात, पण तिच्या तोंडात जिप्सम भरलं की बऱ्याचदा ती फुलतच नाही, तशीच पुढे जाते! २०२० मध्ये केंटकीतल्या लुइव्हिलला ब्रिओना टेलर या तरुणीच्या घरावर पोलिसांचा छापा पडला, त्यात ती मारली गेली, तेव्हा पोलिसांच्या गोळ्या भिंतीतून शेजारच्या फ्लॅटमध्ये घुसल्या, तिथे लहान मूल होतं, नशीब त्या फ्लॅटमध्ये कोणाला लागली नाही. हे तर ट्रेनिंग घेतलेले पोलीस, मग मध्यरात्री घाबरून उठलेल्या माणसाचं काय?

कळकळीने सांगते, मुलांची खोली, शेजाऱ्यांची बेडरूम कुठल्या बाजूला आहे हे आजच बघून ठेवा, आणि खरंच कोणी घुसलं तर सगळ्यांना एका खोलीत घेऊन दार लावा आणि आधी ९११ला फोन करा.

– एक वाचक, टेक्सास