आबांना, ह्युस्टनहून

ह्युस्टन, रविवार रात्र

तीर्थरूप आबांस शि. सा. नमस्कार.

बेळगावचा कुंदा पोचला. निम्मा ऑफिसात संपला, उरलेला लपवून ठेवलाय.

परवा फोनवर तुम्ही विचारलंत, रशिया-अमेरिका खाली भांडत असताना त्यांची माणसं वर एका घरात नांदतात कशी? तेव्हा घाईत होतो. आज इथलं अंतराळ केंद्र बघून आलोय.

जुलै १९७५ मध्ये अमेरिकेचं अपोलो आणि रशियाचं सोयुझ ही यानं वर अंतराळात जोडली. जोडायची कडी दोन्हीकडे सारखीच, म्हणजे वरपक्ष कोण, वधूपक्ष कोण, हा मानपानच नको! मला खरी गंमत वाटली ती बोलण्याची. अमेरिकेचा स्टॅफर्ड रशियन बोलायचा आणि रशियाचा लिओनोव्ह इंग्रजी. परक्या भाषेत माणूस सावकाश, सोपं बोलतो, ऐकणाऱ्याला शब्द न शब्द कळतो. स्टॅफर्ड ओक्लाहोमाचा, त्याच्या रशियनला लिओनोव्ह ‘ओक्लाहोम्स्की’ म्हणून चिडवायचा. मला आपलं खडेबाजारातलं दुकान आठवलं. तुम्ही ‘बर्री, बर्री’ करत मोडकं कन्नड बोलणार आणि बैलहोंगलचं गिऱ्हाईक ‘जरा कमी करा की हो’ म्हणत मराठीत घासाघीस करणार. तुमच्या कन्नडला ते काय म्हणत असतील, देव जाणे.

१ नोव्हेंबरला, बेळगाव महाराष्ट्रात यावं म्हणून, तुम्ही काळी फीत लावून फेरीत जायचा, २ तारखेला दुकानात पुन्हा तीच गिऱ्हाइकं. आताच्या आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर पहिला मुक्काम पडला तोही २ नोव्हेंबरलाच, २००० साली. एक अमेरिकन, दोन रशियन.

तिथला कारभार म्हणजे विहीर एका भावाची, मोटर दुसऱ्याची. रशियन भागाला बरीचशी वीज अमेरिकन सौरपंखांवरून जाते; स्थानक हळूहळू खाली घसरतं, ते वर ढकलायचं काम जास्त करून रशियन इंजिनांकडे. भांडून वेगळं व्हायचं तर दोघांची पंचाईत. युक्रेनचं युद्ध पेटल्यावर, मार्च २०२२ मध्ये, ३५५ दिवस वर राहिलेला अमेरिकन वँडे हाय दोन रशियनांसोबत त्यांच्याच सोयुझमधून कझाकस्तानात उतरला.

ते स्थानक बेळगावातूनही दिसतं बरं का. दिवस मावळल्यावर तासाभरात किंवा पहाटे. विमानासारखं लुकलुकत नाही, एकसारखा उजेड, पाचेक मिनिटांत आभाळ पार. रोज दिसत नाही. दादा मोबाइलवर वेळ बघून सांगेल. गच्चीचा जिना मात्र एकट्यानं चढू नका. आणि कोल्हापूरला आत्यालाही कळवा, तिलाही तेव्हाच दिसेल.

तुमचा,
बाळू