नळी आखूड की लांब?

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात आपल्या वाचकपत्रांत नवी पेठेतल्या एका व्यापारी बंधूंनी लिहिलं होतं, की परवाना मिळाला तर रिव्हॉल्व्हर दोन इंची नळीचं आणि स्टेनलेस स्टीलचंच घ्यावं. खिशात मावतं आणि गंजायची भानगड नाही. माझी सगळी नोकरी राखीव पोलीस बलाच्या सोरेगावच्या गटात, कोतावर, म्हणजे शस्त्रागारात, हत्यारांची देखभाल करणारा आर्मरर म्हणून झाली. त्यामुळे हे वाचून गप्प बसवेना.

आधी नळीचं. लांब नळी म्हणजे गोळी लांब जाते, एवढंच लोकांना ठाऊक असतं. दुकानदाराला त्याचा काय उपयोग? खरा फरक पडतो तो शिस्त, म्हणजे नेम, घेताना. बॅकसाइट आणि फोरसाइट, म्हणजे नेमासाठीच्या मागच्या आणि पुढच्या खुणा, यांच्यातलं अंतर दोन इंची हत्यारावर जेमतेम दहा सेंटिमीटर भरतं, चार इंचीवर पंधराच्या आसपास. फोरसाइटची टिप एका मिलिमीटरने हलली, तर दहा मीटरवर आखूड नळीची गोळी दहा सेंटिमीटर बाजूला जाते, लांब नळीची सातच्या आत राहते. आणि घाबरलेल्या माणसाचा हात एका मिलिमीटरवर थोडाच थांबतो! चांदमारीला, म्हणजे नेमबाजीच्या सरावाला, उन्हात शांतपणे उभे राहिलेले जवानसुद्धा चाप दाबता दाबता नळीचं तोंड खाली झुकवतात. पुढे थोडं वजन असलं की ते झुकणं आणि नंतरचा झटका, दोन्ही आवरतात.

दुसरी गोष्ट काडतुसातल्या दारूची. आखूड नळीत ती पुरती जळत नाही, उरलेली तोंडाबाहेर पेटते. बंद गोदामात रात्री असा बार काढला तर डोळ्यांपुढे अंधारी आणि कानाला दडे. शिवाय सिलिंडर आणि नळी यांच्यामधल्या फटीतून गरम वायू बाजूला फेकला जातो. हत्यार छोटं असलं की आधाराच्या हाताची बोटं नकळत तिथवर सरकतात. भाजलेली बोटं मी पाहिली आहेत.

मग आखूड नळी कुणी घ्यावी? रोज रोकड घेऊन मोटारीतून फिरणाऱ्या पंपमालकाने. सीटवर बसलं की चार इंची नळी मांडीत रुतते, मग माणूस कंटाळून हत्यार डिक्कीत टाकतो, आणि डिक्कीतल्या हत्याराचा उपयोग शून्य. पण त्यालाही मी दोनवर नाही, तीन इंचावर थांबायला सांगेन. कानपूरच्या सरकारी कारखान्यातल्या .३२ रिव्हॉल्व्हरची नळी साधारण तेवढीच असते. २०२३ साली आलेल्या ‘प्रबल’ रिव्हॉल्व्हरची नळी ७६ मिलिमीटर, म्हणजे तेवढीच. ‘प्रबल’च्या ५० मीटर पल्ल्याची जाहिरात झाली, पण पल्ला हत्याराचा असतो, नेम आपला. परवान्यावर मिळणाऱ्या मोजक्या काडतुसांतली दरवर्षी थोडी रेंजवर खर्च करणारे किती आहेत, हे त्यांचं त्यांनाच विचारा. हत्यार घरात किंवा गल्ल्यामागच्या तिजोरीत राहणार असेल, तर खिशाचा प्रश्नच येत नाही. चार इंची मिळत असेल तर तीच घ्यावी.

आता स्टेनलेस. अमेरिकेत स्मिथ अँड वेसनने १९६५ मध्ये ‘मॉडेल ६०’ काढलं, तेव्हापासून हे कौतुक चालू आहे. कौतुकात तथ्य आहेच, काळ्या पॉलिशच्या हत्यारापेक्षा ते घामाला कितीतरी जास्त टिकतं. पण सोलापूरचा मे महिना आहे हा! कमरेला दिवसभर घाम लागला की स्टेनलेसवरही मिठाचे बारीक खड्डे पडतात. आतल्या स्प्रिंगा आणि पिना बऱ्याचदा साध्या पोलादाच्या असतात, त्या मुकाट्याने गंजतात. वरून चकचकीत दिसतं म्हणून मालक साफ करायला नळीत चिंदी घालत नाही.

सिलिंडरच्या तोंडावर धुराची काळी कडी उमटतात. एका गृहस्थांनी ती भांड्यांच्या तारेच्या घासणीने घासून काढली आणि हत्यार चांदीसारखं करून मला दाखवायला आणलं. पावसाळ्यात त्याच जागी तांबूस ठिपके आले, कारण घासणीचे लोखंडी कण पृष्ठभागात रुतून बसले होते. पितळी ब्रश वापरावा. कडी राहिली तर राहू द्यावीत, त्यांनी काही बिघडत नाही.

चामड्याचं म्यान हे सर्वांत वाईट. २०२४ मध्ये लोकसभा आणि विधानसभा अशा दोन निवडणुका झाल्या. आचारसंहितेत ज्यांना हत्यारं जमा करावी लागली, त्यांतले काही जण ती म्यानासकट देऊन आले. चामडं दमट हवा धरून ठेवतं आणि कमावताना वापरलेली द्रव्यं त्यात असतातच. पुढच्या वेळी हत्यार रिकामं करून, तेलाचा पुसट हात फिरवून, कोरड्या सुती कापडात गुंडाळून द्यावं, पावतीवर नंबर स्वतः ताडून घ्यावा आणि म्यान घरी ठेवावं.

आपला,
एक निवृत्त आर्मरर
विजापूर रोड, सोलापूर