बाबांची दाढ आणि आईचे दोन दात

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार, वि. वि.

परवा फोनवर तुम्ही दोघे एकाच वेळी बोलत होता. त्यातून मला एवढे उमगले की बाबांच्या खालच्या डाव्या दाढेची एक भिंत आतल्या चांदीच्या जुन्या भरणासकट निखळली आहे, आईच्या पुढच्या दोन दातांना हिरडीलगत कीड लागली आहे, आणि सरकारी रुग्णालयात जायचे की खासगी दवाखान्यात यावरून घरात दोन तट पडले आहेत. आयुष्यभर कर भरला तो कशासाठी, असे बाबांचे म्हणणे. तोंडाच्या बाबतीत काटकसर नको, असे आईचे. त्या गलक्यात मला नीट सांगता आले नाही, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

कुठे जायचे, हा प्रश्न तुम्ही आधी घेतला आहे, तिथेच माझा मतभेद आहे. आधी दाढेला नेमके काय झाले आहे आणि तिला काय लागणार आहे ते कळले पाहिजे, कारण काही कामे सरकारी ठिकाणी खासगीइतकीच, किंबहुना अधिक चांगली होतात आणि काही कामांत तिथला उशीरच दाढेच्या मुळावर येतो.

बाबा, तुम्ही सहज म्हणालात की महिनाभर गरम काही घेतले की दाढ बराच वेळ ठणकायची, रात्री झोपू द्यायची नाही, आणि आता आठवड्यापासून ठणका थांबला आहे, तेव्हा घाई कशाला. मला मात्र हे ऐकूनच धास्ती वाटली. थंड पाण्याने क्षणभर कळ येऊन गेली तर आतली नस बहुधा सावरू शकते. पण गरम लागल्यावर कळ रेंगाळत असेल, आपोआप उठत असेल, तर नस सहसा वाचत नाही. अशा दुखण्यानंतर काही न करता ठणका अचानक थांबला, तर दाढ बरी झाली असे न समजता आतली नस मेली असावी असे समजावे. मेलेल्या नसेत जंतू वाढतात, मुळाच्या टोकाशी पू साठतो आणि हाड झिजू लागते, तेही पुष्कळदा काही न दुखता. दाताचे वरचे कवच शरीरातला सर्वांत कठीण पदार्थ असले, तरी ते एकदा गेले की पुन्हा तयार होत नाही. घरात उरलेल्या प्रतिजैविकांच्या गोळ्याही कृपया घेऊ नयेत. मेलेल्या नसेपर्यंत रक्तच पोचत नाही, तिथे औषध कसे पोचणार? सूज पसरू लागली किंवा ताप आला, तर डॉक्टर त्या देतील. पण जंतूंचे घर साफ करण्याचे काम गोळीने होत नाही.

तेव्हा पहिली गोष्ट एक्स-रे. त्यात तीन गोष्टी पाहायच्या असतात: कीड आतल्या नसेपर्यंत पोचली आहे का, मुळांभोवतीचे हाड किती शिल्लक आहे, आणि तुटलेली कड हिरडीच्या किती खाली उतरली आहे. दाढ वाचवली तर तिच्यावर जी कॅप, म्हणजे टोपण, बसवतात ती नुसत्या सिमेंटच्या जोरावर टिकत नाही. हिरडीच्या वर सभोवार साधारण २ मिलिमीटर शाबूत दात असेल, तर पिंपाला लोखंडी पट्टी आवळावी तशी ती दाढेला आवळून धरते; तेवढा दात नसेल तर उत्तम कॅपही काही काळाने मुळासकट दगा देते. भेग मुळात उतरली असेल तर दाढ काढावीच लागते, मग दवाखाना कोणाचाही असो. हा निवाडा सरकारी दंत महाविद्यालयात करून घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. तिथे तपासणाऱ्याला तुमच्या कॅपमधून काही मिळणार नसते.

हे मत अनुभवातून आले आहे. तीन वर्षांपूर्वी एका खासगी दवाखान्यात मी नुसत्या तपासणीला गेले आणि तीन दातांना कॅप लागतील असे सांगणारा रंगीत तक्ता हातात घेऊन बाहेर पडले. एक्स-रे मागून घेतला होता, तो सरकारी ठिकाणच्या एका वयस्कर डॉक्टरीणबाईंना दाखवला. त्यांनी टोकदार सळई दातांवरून हलकेच फिरवली, एका दाताचे जुने भरण कडेने सुटले आहे म्हणून बदलायला सांगितले, आणि बाकीच्या दोघांवर डाग आहेत, कीड नाही, लक्ष ठेवा, एवढेच म्हणाल्या. ते डाग आजही तसेच आहेत. पहिल्या डॉक्टरांनी फसवले असे मी म्हणत नाही. खुर्ची, यंत्रे आणि माणसे यांचा खर्च ज्याला कामातूनच काढावा लागतो, त्याची नजर कामाकडे झुकते, एवढेच.

पण आई, सरकारी ठिकाणी सगळे आलबेल असते असेही नाही, आणि ही दुसरी गोष्ट मी तुम्हांला पूर्वी अर्धीच सांगितली होती. त्याच्याही आदल्या वर्षी माझ्या उजव्या खालच्या दाढेचे रूट कॅनाल, म्हणजे आतली नस काढून मुळांतल्या नळ्या साफ करून भरण्याचे काम, मी दंत महाविद्यालयात करून घेतले. एका पदव्युत्तर विद्यार्थिनीने पाच खेपांत ते केले. थुंकी आत जाऊ नये म्हणून दाढेभोवती रबराचा पातळ पडदा ताणलेला, प्रत्येक सुईवरची इवलीशी रबरी चकती ती पट्टीवर ठेवून मोजायची, आणि दर टप्प्यावर तिचे सर येऊन बघून जायचे. खालच्या पहिल्या दाढेला बहुधा दोन मुळे आणि तीन नळ्या असतात, पण तिने चौथी आहे का तेही शोधून पाहिले. इतकी निगुतीने केलेली तपासणी मला पैसे मोजूनही क्वचितच मिळाली आहे. मात्र कॅपचा विभाग वेगळा, त्याची यादी वेगळी. माझा क्रमांक अडीच महिन्यांनी लागला आणि त्यातही एक तारीख मी कामाच्या गडबडीत चुकवली. एका रात्री जेवताना कट् असा आवाज झाला आणि दाढ उभी चिरली. काढल्यावर डॉक्टरांनी ती कापसावर ठेवून दाखवली: दोन फाका, आणि एका फाकेला चिकटलेले रूट कॅनालचे गुलाबी भरण जसेच्या तसे शाबूत. काम उत्तम झाले होते. वरून झाकण तेवढे बसले नव्हते. कीड आणि खोदकाम यांमुळे रूट कॅनाल झालेली दाढ आतून पोकळ झालेली असते, आणि चावण्याचा सगळा दाब उरलेल्या पातळ भिंतींवर येतो.

दातांचा खर्च हा सरकारी यंत्रणांचा जुना पेच आहे, त्यामुळे तिथल्या माणसांवर रागावून उपयोग नाही. ब्रिटनने १९४८ साली सर्वांसाठी मोफत आरोग्यसेवा सुरू केली, तेव्हा कवळ्यांसाठी इतकी झुंबड उडाली की १९५१ मध्येच कवळ्यांवर शुल्क लावावे लागले, आणि ज्यांनी ती सेवा उभारली त्या अन्यूरिन बेव्हन यांनी त्या निर्णयावरून मंत्रिपद सोडले. तेव्हापासून पुष्कळ ठिकाणी साधारण हाच पायंडा दिसतो: दात काढणे आणि साधे भरण सरकारी सेवेत बसते, पण कॅप, ब्रिज (शेजारच्या दातांच्या आधाराने बसवलेला कृत्रिम दात), इम्प्लांट (जबड्याच्या हाडात रोवलेला कृत्रिम दात) यांसाठी एक तर रांग असते किंवा ती कामे होतच नाहीत. याचा एक छुपा परिणाम असा की वाचू शकणारी दाढही गर्दीच्या ठिकाणी काढली जाते, कारण काढणे एका खेपेत उरकते. म्हणून सरकारी डॉक्टरांनी काढा म्हटले, तर बाबांनी लगेच मान डोलावू नये. वाचवता येण्यासारखी आहे पण इथे वेळ लागेल म्हणून काढायची, की वाचतच नाही म्हणून, हे आदबीने विचारावे. दोन्ही उत्तरांत फार अंतर आहे.

आता माझा हिशोब. बाबा, तुमची दाढ वाचण्यासारखी आहे असे एक्स-रेवरून ठरले, तर रूट कॅनाल आणि कॅप दोन्ही खासगीत, एकाच डॉक्टरांकडून, एकाच सलग आराखड्यात करून घ्यावे. तुमचे गुडघे पाहता पाच-सहा खेपा आणि प्रत्येक खेपेला दोन तास बाकावर बसणे जमणार नाही. दोन तारखा चुकल्या की जे माझे झाले तेच तुमचे होईल. महाविद्यालयाने रूट कॅनाल आणि कॅप या दोन्हींच्या तारखा आधीच लिहून दिल्या, तर मात्र मी माझे मत बदलेन आणि प्रत्येक खेपेला तुमच्याबरोबर येईन. खासगीत सुरू करण्यापूर्वी चार गोष्टी लेखी घ्याव्यात: रूट कॅनाल, आतली बांधणी आणि कॅप यांचा खर्च वेगवेगळा, कॅप कशाची, काम बिघडल्यास काय करणार, आणि एक्स-रेची प्रत आपल्याला मिळेल का. धातूची कॅप मागच्या दाढेला उत्तम चालते; ती दिसायला शोभत नाही खरी, पण तिथे बघायला जातो कोण?

दाढ वाचणारच नसेल, तर ती सरकारी ठिकाणी काढून घ्यावी आणि इम्प्लांटची घाई करू नये. टायटॅनियम हा धातू हाडात घट्ट रुजतो हे स्वीडनच्या ब्रोनमार्क यांनी दाखवले आणि १९६५ मध्ये पहिल्या रुग्णाला तसे दात बसवले. तंत्र पक्के आहे, याबद्दल वाद नाही. पण ते हाडात रुजायला कित्येक महिने लागतात आणि नंतरही निगा राखावी लागते. जपानमध्ये १९८९ पासून वयाच्या ८० व्या वर्षी स्वतःचे २० दात राखण्याची मोहीम चालू आहे, कारण तेवढ्यांवर माणूस बहुतेक सगळे चावून खाऊ शकतो. तुमचे त्याहून जास्त शिल्लक आहेत. एक फट राहिली तर आभाळ कोसळत नाही. फक्त शेजारचे दात कलतात का, आणि वरची दाढ त्या जागेत खाली उतरते का, यावर दर सहा महिन्यांनी नजर ठेवावी.

आई, तुझ्या दातांसाठी मात्र खासगीत जाण्याचे मला काहीच कारण दिसत नाही, आणि तुझा आग्रह इथे मी मोडून काढणार आहे. वयाने हिरडी खाली सरकते, मुळाचा मऊ भाग उघडा पडतो, रक्तदाबाच्या आणि झोपेच्या गोळ्यांनी तोंड कोरडे राहते, आणि लाळेचे संरक्षण कमी झाले की हिरडीलगत कीड धरते. तिथे जे सिमेंट भरतात ते दाताला स्वतःहून चिकटते आणि फ्लोराइड सोडत राहते. जागतिक आरोग्य संघटनेने ते २०२१ मध्ये फ्लोराइडच्या टूथपेस्टबरोबर आवश्यक औषधांच्या यादीत घेतले, इतके ते साधे आणि खात्रीचे आहे. सरकारी ओपीडीत हे काम रोज होते. रंग दाताशी तंतोतंत जुळणार नाही, एवढीच खोट. त्यानंतर रात्री दात घासल्यावर खळखळून चूळ भरू नकोस. फेस थुंकून टाक आणि पेस्टचा थर राहू दे. ब्रिज हलतो म्हणतेस तोही त्याच दिवशी दाखव.

कुठेही गेलात तरी औषधांची यादी बरोबर न्या, आणि ती तोंडी सांगू नका, कागदावर द्या. बाबांची रक्त पातळ करणारी गोळी कोणीही आपल्या मनाने बंद करायची नाही. एखादी दाढ काढताना ती बहुधा चालूच ठेवतात आणि रक्तस्राव तिथल्या तिथे आवरतात, पण ते ठरवणार डॉक्टर. आईला हाडांसाठी जे इंजेक्शन मिळते ते सर्वांत आधी सांगायचे, कारण त्या औषधांनंतर दात काढल्यावर क्वचित जबड्याचे हाड भरून येत नाही. साखरेचा तीन महिन्यांचा अहवालही फाइलमध्ये ठेवा.

मी पुढच्या मंगळवारी सकाळी येते आणि बुधवारी आपण तिघे महाविद्यालयाच्या ओपीडीत जाऊ. नोंदणी लवकर बंद होते, म्हणून आठच्या आत निघावे लागेल. तोवर बाबांनी उजव्या बाजूने चावावे आणि दाढेचा निखळलेला तुकडा फेकला नसेल तर डबीत ठेवावा. तो परत बसवणार नाहीत, पण कड कुठवर गेली याचा अंदाज त्यावरून येतो. गालाला किंवा जबड्याखाली सूज आली, तोंड उघडेना किंवा गिळताना त्रास होऊ लागला, तर माझी, बुधवारची किंवा सरकारी-खासगीची वाट न पाहता जवळच्या रुग्णालयात ताबडतोब जावे आणि मला वाटेतून फोन करावा.

तुमची,
धाकटी