सारंगला: आधी मालाची यादी, मग सॉफ्टवेअर

इतवारी, नागपूर

चि. सारंग,
अनेक आशीर्वाद.

आपल्या डाळ-मसाल्याच्या दुकानाचा हिशोब नव्या सॉफ्टवेअरवर नेण्याचा तू पाठवलेला आराखडा सगळा वाचला. सॉफ्टवेअर चांगलं निवडलंस, पण ते १ एप्रिलला सुरू करू नकोस. नवं आर्थिक वर्ष म्हणून सीएंना ती तारीख सोयीची वाटते, दुकानाला मात्र ती सर्वांत जड जाईल. मार्च ते मे घरोघरी वर्षाचं तिखट, हळद, डाळ भरून ठेवतात, कळमन्याच्या बाजारात मिरचीची आवक जोरात असते आणि मुनीमकाका वर्षअखेरच्या हिशोबात बुडालेले असतात. १ जुलै धर. पाऊस लागला की उचल मंदावते आणि श्रावणाची मागणी अजून यायची असते. त्यासाठी एप्रिल ते जूनच्या खर्च-उत्पन्नाच्या रकमाही नव्या वह्यांत ओढाव्या लागतील. तेवढं काम वाढलं तरी चालेल. महिन्याच्या अधली-मधली तारीख मात्र अजिबात नको. एकाच महिन्याची बिलं दोन ठिकाणांहून गोळा करून जीएसटीआर-१, म्हणजे विक्रीचं विवरणपत्र, भरायला बसलं की एखादं सुटतं किंवा दोनदा जातं.

आराखड्यात माहिती भरायला तू चार दिवस ठेवलेत. त्याला दीड महिना दे. पुढे जे बिघडतं त्यातलं बहुतेक इथेच बिघडलेलं असतं.

सुरुवात मालाच्या यादीपासून कर, आणि ती ऑफिसात बसून करू नकोस. वाडीच्या गोदामात मुकादमांना शेजारी बसव, कारण कोणता माल कोणत्या नावाने मागितला जातो हे त्यांनाच ठाऊक आहे. सगळ्यात घातक चूक मापाची असते. आपण तूरडाळ क्विंटलने घेतो, कट्ट्याने विकतो आणि पाकिटातही भरतो. यादीत नुसतं ‘कट्टा’ लिहिलंस आणि एक कट्टा ३० किलोचा, दुसरा ५० चा निघाला, तर पहिल्याच आठवड्यात साठा उणे दिसू लागतो. मग लोक तो जुळवायला खोट्या नोंदी टाकतात. म्हणून सुट्या मालाचं मूळ माप किलोच ठेव आणि प्रत्येक मालापुढे त्याच्या कट्ट्याचं वजन वेगळं लिही. ते बारदानासकट की निव्वळ, हेही ठरवून टाक. पाकिटं नगात मोजायची. पॅकिंगच्या नोंदीतून सुटी डाळ आणि पिशव्या वजा झाल्या पाहिजेत, नाहीतर एकच डाळ दोन जागी दिसेल.

पाकीट आणि कट्टा वेगळे ठेवायला करही कारण आहे. १८ जुलै २०२२ पासून २५ किलोपर्यंतच्या बंद, लेबल लावलेल्या डाळीवर ५ टक्के जीएसटी लागतो, आपल्या ३० किलोच्या कट्ट्यावर नाही. दोन्ही एकाच नावाखाली टाकलंस तर निम्मी बिलं चुकीची निघतील. दरापुढे ‘कधीपासून लागू’ हा रकाना आहे का तेही सॉफ्टवेअरवाल्यांना विचार. २२ सप्टेंबर २०२५ ला बदामाचा दर १२ वरून ५ टक्क्यांवर आला. त्याआधीच्या बिलाचा माल परत आला तर क्रेडिट नोट जुन्याच दराने काढायची असते.

यादी एक्सेलमध्ये करशील, तेव्हा एचएसएनचा, म्हणजे जीएसटीसाठीच्या मालाच्या कोडचा, रकाना आकडे टाकण्याआधीच ‘टेक्स्ट’ कर. तूर ०७१३६०, अख्खी मिरची ०९०४२१, हळद ०९१०३०. आपल्या धंद्यात बहुतेक कोड शून्याने सुरू होतात आणि एक्सेल पुढचं शून्य खातं. उलाढाल ५ कोटींच्या वर असल्यामुळे आपल्याला सहा अंक लागतात, पाच अंकी कोडचं बिल ई-इनव्हॉइसला, म्हणजे सरकारी पोर्टलवर बिल नोंदवताना, नाकारलं जाईल. जुन्या संगणकावरची श्रीलिपी या जुन्या फॉन्टमधली नावं युनिकोडमध्ये बदलून घे, नाहीतर नव्या सॉफ्टवेअरमध्ये नुसती अगम्य अक्षरं येतील.

गिऱ्हाइकांच्या यादीत एकच व्यापारी तीन स्पेलिंगांनी सापडेल. नावावरून जुळवत बसू नकोस, जीएसटी क्रमांकावरून जुळव. पहिले दोन अंक राज्याचे, पुढची दहा अक्षरं पॅनची. ज्यांचा क्रमांक नाही त्यांना मोबाइलवरून ओळख. राज्याचा रकाना कुठेही रिकामा सोडू नकोस. बालाघाट, छिंदवाड्याचे २३, रायपूर, राजनांदगावचे २२. तो रिकामा राहिला आणि सॉफ्टवेअरने महाराष्ट्र धरला, तर परराज्यातल्या विक्रीच्या आयजीएसटीऐवजी राज्यातल्या विक्रीचा सीजीएसटी-एसजीएसटी लागेल. मग योग्य खात्यात कर पुन्हा भरायचा आणि आधीचा परतावा मागत बसायचं.

उधारी ओढताना नुसती एकूण रक्कम टाकू नकोस. न फिटलेलं प्रत्येक बिल तारखेसह चढव. नाहीतर कोणाची उधारी किती दिवसांची हे कळणारच नाही, आणि वसुलीला निघालेला माणूस गिऱ्हाइकासमोर गप्प बसेल.

३० जूनला दुपारी चारनंतर गाडी भरणं थांबव आणि माल मोज. एकाने मोजायचं, दुसऱ्याने लिहायचं, आणि हातातल्या कागदावर वहीतला आकडा नको. आकडा दिसला की माणूस तोच लिहितो. शीतगृहातली मिरची वेगळी जागा म्हणून दाखव. ती सुकून वजन घटतं, तेव्हा घटीची वेगळी नोंद हवी आणि तिला तुझीच मंजुरी लागावी.

दोन्हीकडे बिलं करण्याचा सराव जूनच्या शेवटच्या दोन आठवड्यांत कर, पण गिऱ्हाइकाच्या हाती बिल जुन्याच सॉफ्टवेअरचं जाऊ दे. ई-इनव्हॉइस चाचणीच्या पोर्टलवरच तपास. आपल्या नेहमीच्या वीस बिलांची रक्कम दोन्हीकडे पैशापर्यंत जुळली पाहिजे, रुपयाला पूर्ण केल्यानंतरसुद्धा. २५ जूनला हे आणि उधारीची बेरीज जुळली नाही, तर १ ऑगस्टवर जा. कोणी काहीही म्हणो.

पगार, गिऱ्हाइकांना मेसेज, बारकोड हे सगळं दिवाळीनंतर. आधी खरेदी, विक्री, साठा, उधारी.

वाडीला पावसात वीज जाते. यूपीएस आणि मोबाइलचं नेट ठेवच. तरीही अडलं तर किरकोळ गिऱ्हाइकांसाठी वेगळ्या मालिकेचं छापील बिलबुक असू दे आणि त्याच दिवशी ती बिलं चढव. नोंदणीकृत व्यापाऱ्याचं करपात्र बिल ई-इनव्हॉइसच्या पोर्टलवरून मिळणाऱ्या आयआरएन क्रमांकाशिवाय देऊ नकोस, नेट येईपर्यंत गाडी थांबव. नव्या मालिकेचा बिल क्रमांक १६ अक्षरांच्या वर जाऊ देऊ नकोस. पासवर्ड प्रत्येकाचा वेगळा, आणि भाव बदलायचा अधिकार दोघांनाच.

मुनीमकाकांना शिकवायला सॉफ्टवेअरवाल्यांचा मुलगा पाठवू नकोस, तू स्वतः बस. ते वयाने मोठे आहेत आणि सगळ्यांसमोर चुकायला त्यांना संकोच वाटेल. दुकान बंद झाल्यावर अर्धा तास, खऱ्या बिलांवर.

करारात एक ओळ घालून घे: सोडायचं ठरलं तर आपली सगळी माहिती एक्सेलमध्ये मिळेल. जुना संगणक भंगारात देऊ नकोस. जीएसटीच्या वार्षिक विवरणपत्राच्या शेवटच्या तारखेपासून ७२ महिने वह्या जपाव्या लागतात.

मुकादमांना मी सोमवारी सकाळी यायला सांगितलं आहे. तू येताना वजनकाट्याच्या पावत्यांची फाइल घेऊन ये, कट्ट्यांची वजनं त्यावरूनच धरू.

तुझी,
आई